विमान उडवण्याआधी रेंज तपासायची, म्हणजे नेमकं काय तपासायचं?

रिमोटच्या विमानाची रेंज तपासली का, असं विचारलं की नवखा हमखास सांगतो, "खोक्यावर एक किलोमीटर लिहिलंय की." खोक्यावरचा आकडा खोटा असतो असं नाही. पण तो कोऱ्या अँटेनाचा, मोकळ्या मैदानाचा आणि कंपनीच्या माणसाने केलेल्या मांडणीचा असतो. तुमच्या विमानात तोच रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे हुकूम ऐकणारा भाग, बॅटरीच्या बगलेत कोंबलेला असतो, अँटेनाची तार मोटरच्या वायरींना चिकटलेली असते आणि मागच्या रविवारी विमान बांधावर नाक घासून उतरलेलं असतं. खोक्याला यातलं काही ठाऊक नसतं.

रेंज तपासताना आपण एकच गोष्ट शोधत असतो: ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसीव्हरची जोडी आज कालच्याइतकीच ठणठणीत आहे का? विमान किती लांब जाईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि नजरेने उडवणाऱ्याला तो फारसा पडतही नाही. चार फुटी पंखांचं विमान पाचशे मीटरवर गेलं की ते येतंय का जातंय हेच धड कळत नाही. सिग्नलच्या आधी डोळे हात टेकतात. तरीही विमानं दीडशे-दोनशे मीटरवर सिग्नल जाऊन पडतात. ती पडतात कारण जोडीतलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि जमिनीवर कुणी ते बघितलेलं नसतं.

जमिनीवर हा बिघाड आपोआप का दिसत नाही, ते आधी बघू.

२.४ गिगाहर्ट्झ ही आताची वारंवारिता येण्याआधी सेट, म्हणजे ही जोडी, २७, ३५, ७२ मेगाहर्ट्झ अशा वारंवारितांवर चालायचे. ट्रान्समीटरला ओढून लांब करायची अँटेना असायची. रेंज बघायची तर ती पूर्ण आत ढकलायची आणि चालत लांब जायचं. सिग्नल कमजोर झाला की सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरायला लागायचे, रडर (शेपटीचं सुकाणू) उगाच झटके द्यायचा. वैताग यायचा खरा, पण तीच आगाऊ सूचना असायची. एकाच चॅनेलवर दोघांनी सेट चालू केले तर विमान पडलंच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावर चॅनेलचे चिमटे लावलेली पाटी असायची; ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा.

आताच्या सेटमध्ये ती भानगड राहिली नाही. बहुतेक सेट सेकंदाला कित्येकदा चॅनेल बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त त्याच्याशी बाइंड केलेल्या, म्हणजे जोडी जुळवलेल्या, ट्रान्समीटरचंच ऐकतो. हुकूम डिजिटल पाकिटांतून जातात. पाकीट नीट पोचलं तर वापरलं जातं, खराब पोचलं तर रिसीव्हर ते सरळ टाकून देतो. मधली थरथर गेली. थोडी पाकिटं गळाली तरी हाताला कळत नाही, विमान लोण्यासारखं चालतं. मग एखाद्या वळणावर अँटेना नको त्या दिशेला येते आणि सलग गळती होते. सेट जितका आधुनिक, तितका तो आपली कमजोरी शेवटपर्यंत झाकून ठेवतो. ती उघडी पाडायची तर सेटला मुद्दाम अशक्त करून बघावं लागतं.

त्यासाठीच बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये 'रेंज चेक' हा पर्याय असतो. कुठे मेनूत, कुठे एखादं बटण दाबून धरायचं. तो चालू केला की ट्रान्समीटरची शक्ती घटते. हळू आवाजात मारलेली हाक तीस पावलांवर ऐकू येत असेल, तर पूर्ण आवाजातली कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. हे तसंच आहे.

हिशेब मांडायचा तर असा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. उलटीकडून बघितलं तर शक्ती चौथाई केल्यावर रेंज निम्मी होते. समजा १०० मिलिवॉटचा ट्रान्समीटर ०.१ मिलिवॉटवर आणला, म्हणजे हजारावा भाग. हजाराचं वर्गमूळ साधारण ३२, म्हणजे रेंज ३२ पटीने घटली. या अवस्थेत ३० मीटरवर सगळं नीट चाललं, तर पूर्ण शक्तीवर कागदोपत्री साडेनऊशे मीटर मिळायला हवेत. प्रत्येक कंपनी शक्ती किती घटवते ते मात्र वेगवेगळं असतं. पुष्कळ मॅन्युअलमध्ये तीस पावलं किंवा तीस मीटर असा आकडा सापडतो, पण मित्राच्या सेटची पावलं आपल्या सेटला लावायची नाहीत. आपल्या सेटचं मॅन्युअल काढून बघायचं.

हा हिशेब मोकळ्या हवेचा झाला. जमिनीजवळ तो चांगलाच बिघडतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

ट्रान्समीटरपासून विमानापर्यंत लाट दोन वाटांनी पोचते. एक सरळ, दुसरी जमिनीवर आपटून. विमान ढेकळांवर ठेवलेलं असेल तर दोन्ही वाटांची लांबी जवळजवळ सारखीच होते. आणि अशा तिरप्या, जमिनीला घासून येणाऱ्या लाटेचं परावर्तन होताना ती उलटी होते. सारख्या ताकदीची एक सुलटी आणि एक उलटी लाट एका जागी आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. अशा परिस्थितीत अंतर दुप्पट झाल्यावर शक्ती चौथाई नाही, सोळाव्या भागापर्यंत घसरू शकते. म्हणून जमिनीवर ठेवलेल्या विमानाची तपासणी वाईट निघाली की लोक घाबरतात, सेट बदलायला निघतात. दोष असतो ठेवण्याचा.

२.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ३० मीटर अंतरावरच्या दोन अँटेनांमध्ये लाटेला मोकळेपणाने जायला सरळ रेषेच्या भोवती, मधोमध, साधारण एक मीटरची जागा लागते. त्या जागेत जमीन, गवत, बांध, माणूस असं काहीही आलं की आकडा घसरतो. तेव्हा विमान प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवावं. गाडीच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या सीटवर किंवा लोखंडी कॉटवर नको. पत्रा आणि लोखंड लाटेचं काय करतील याचा नेम नाही. कधी रेंज उगाच चांगली दाखवतात, कधी उगाच वाईट.

आपल्याकडे यात पिकाची भर पडते. हुरड्याच्या दिवसांत सोलापूरच्या आसपास कुठेही गेलं तरी पुरुषभर उंचीची मालदांडी ज्वारी उभी असते. हिरव्या ताटात पाणी भरलेलं असतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषून घेतं. उसाचंही तेच. बांधाच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे विमान आणि मध्ये जोंधळ्याच्या चार ओळी, अशी तपासणी केली तर आकडा पिकाचा येतो, सेटचा नाही. काढणी होऊन रान मोकळं झालं की तोच सेट त्याच जागी एकदम तरणाबांड वाटायला लागतो. तुलना करायची असेल तर जागा, विमानाची उंची आणि मधलं रान, सगळं सारखं हवं. माझ्या मते पडीक माळाचा एक तुकडा कायमचा ठरवून टाकावा आणि तीस मीटरवर एखादा दगड किंवा झाड हेरून ठेवावं. पावलं माणसागणिक बदलतात, दगड हलत नाही.

गच्चीवर तपासू का, असं जुळे सोलापूरकडची कॉलेजची पोरं नेहमी विचारतात. मोबाइलवर वायफायची यादी उघडून बघा, म्हणजे उत्तर मिळेल. गच्चीवरून शेजारपाजारच्या राउटरांची नावं स्क्रीनमध्ये मावत नाहीत आणि त्यातले बहुतेक याच पट्ट्यात बोलत असतात. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना आहे, म्हणून वायफाय, ब्लूटूथ आणि आपली विमानं एकाच चावडीवर. चॅनेल बदलणारा सेट या गर्दीतून वाट काढतो, पण कमी शक्तीच्या तपासणीत गर्दीचा परिणाम ठळक दिसतो. शिवाय लोखंडी गज भरलेला स्लॅब, पाण्याच्या टाक्या, पत्रे. गच्चीवर फेलसेफ (सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं ती सोय) बघा, सर्वोच्या दिशा बघा. रेंजसाठी रानात जा.

खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट मात्र रानातही बंद ठेवा.

रान निवडतानाही दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या सीमेपासून १२ किलोमीटरपर्यंत उंचीवर बंधनं आहेत, आणि आपला होटगी रस्त्याचा विमानतळ आता चालू आहे. त्याच्यासाठी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, ते अख्ख्या गावाने बघितलं. शहराचा बराचसा भाग त्या १२ किलोमीटरात येतो. घरातून निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात आहे ते बघून घ्यावं. दुसरी गोष्ट नान्नजची. तिथला माळ बघून कुणाही विमानवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल, पण तो माळढोकाचा. तिथे विमान पेटीतूनही काढायचं नाही.

हाय टेन्शनच्या तारांबद्दलही विचारणा होते. सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन २०१३ च्या अखेरीस सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, इतका आपला भाग तारांच्या जाळ्यात आहे. तारांचा विद्युत गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारितांवर असतो. जुन्या सेटना तो त्रास द्यायचा, २.४ ला फारसा नाही. तरी टॉवरजवळ उडवू नये, कारण तिथे सिग्नल नव्हे, विमानच तारेत अडकतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. माणसं दोन लागतात. एकट्याने सर्वोचा आवाज ऐकत तपासणारे आहेत, पण तीस मीटरवरून सर्वो अडखळला का नुसता कुरकुरला हे मला तरी कळत नाही.

आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान. विमान खुर्चीवर, सोबत्याचा हात धडावर, पाठीमागून पक्का. पहिली फेरी प्रोपेलर काढून करायची. रेंज मोड लावायचा आणि दगडाकडे चालायला लागायचं, एलेरॉन आणि एलेव्हेटरची (पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्यांची) स्टिक सावकाश गोल फिरवत. विमानाकडे तोंड ठेवायचं, कारण आपलं शरीर म्हणजे पाण्याची टाकीच. पाठ फिरवली की सिग्नलच्या आड आपणच. सोबत्याने बोलायचे शब्द दोनच. "चालू… चालू… चालू…" आणि पृष्ठभाग क्षणभर जरी थबकला तरी "अडकलं बे!" मधलं काही नको. "जरा हललं वाटतं" यावरून काहीही ठरवता येत नाही.

दगडापाशी पोचलात आणि "चालू" ऐकू येतंय, तर सोबत्याने विमान सावकाश फिरवायचं: नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, डावा पंख, उजवा पंख, मग उभं नाक वर. हवेत विमान या सगळ्या अवस्थांतून जाणार आहे आणि एखाद्याच कोनात बॅटरी अँटेनाच्या आड येत असेल तर ते इथेच समजतं. त्यानंतर दुसरी फेरी प्रोपेलर लावून, सोबती पंखांच्या मागे, बाकी सगळे प्रोपेलरच्या रेषेपासून दूर. थ्रॉटल (मोटरचा जोर) शून्य, मग निम्मं, मग पूर्ण. मोटर ओढायला लागली की ईएससीमधून (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमधून) मोठा प्रवाह धावतो आणि त्याचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचतो. मोटर बंद असताना दगडापर्यंत नीट आणि मोटर सुरू होताच वीस पावलांत अडकलं, असं झालं तर अर्धं निदान तिथेच झालं: रिसीव्हर ईएससीपासून लांब न्या.

एवढ्यावर पास म्हणता येईल. पण खरी माहिती पुढे आहे. दगड ओलांडून चालत राहायचं, सोबती "अडकलं" म्हणेपर्यंत, आणि तो आकडा विमानाच्या पोटावर पेनाने लिहून ठेवायचा. समजा नव्या विमानाला ६० मीटर मिळाले आणि दोन महिन्यांनी त्याच जागी ४० मिळतायत. मॅन्युअलच्या हिशेबाने अजून पास. पण अंतर दीडपटीने घटलं, म्हणजे मोकळ्या हवेच्या नियमानेसुद्धा शक्ती सव्वादोन पटीने घटली. जमिनीजवळच्या नियमाने त्याहून कितीतरी जास्त. कुठेतरी काहीतरी तुटलं आहे. "पास" एवढंच बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

तुटलेलं बहुतेक वेळा अँटेनापाशीच सापडतं. रिसीव्हरमधून निघालेली करडी किंवा काळी बारीक तार जवळून बघा. ती अख्खी तार म्हणजे अँटेना नव्हे. तिचा मोठा भाग आवरण असलेली कोॲक्स केबल असते, ती फक्त सिग्नल वाहून नेते. टोकाचा उघडा, आणखी बारीक तुकडा, साधारण ३१ मिलिमीटरचा, म्हणजे लाटेच्या लांबीच्या चौथाईएवढा, तेवढाच ऐकतो. तो मुडपून टेपखाली दाबला, त्याचं टोक तुटलं, किंवा केबलच्या आवरणाला ब्लेड लागून आतली जाळी उघडी पडली की रेंज गेली. रिसीव्हरवरचं बटणासारखं छोटं कनेक्टर धक्क्याने अर्धवट निघतं, तेही वरून बघून कळत नाही. नखाने हलकं दाबून बघावं लागतं.

दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, एक उभी, एक आडवी. तारेच्या आजूबाजूला चांगलं ऐकू येतं, टोकाच्या रेषेत जवळजवळ काहीच नाही. एकीचं टोक तुमच्याकडे आलं तर दुसरी आडवी असते, सांभाळून घेते. हाच नियम ट्रान्समीटरच्या अँटेनालाही. पुष्कळ जण तिचं टोक विमानावर रोखून उभे राहतात. दिसायला रुबाबदार, पण विमान नेमकं सगळ्यात कमजोर दिशेला ठेवण्याचा तो उत्तम उपाय आहे. अँटेना वळवता येत असेल तर टोक आडवं किंवा वर, बाजू विमानाकडे.

थर्माकोल, बाल्सा, प्लास्टिकची पन्हळी शीट यांतून लाट आरपार जाते. कार्बन फायबर तिला अडवतं, चंदेरी धातूची फिल्म अडवते, लिपो बॅटरी अडवते. धड कार्बनचं असेल तर अँटेनाची टोकं बाहेर काढण्याला पर्याय नाही.

ज्यांच्या सेटमध्ये टेलिमेट्री (विमानाकडून रिमोटकडे उलट येणारी माहिती) आहे त्यांना चालण्याबरोबर आकडेही मिळतात. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये येते आणि ती उणे असते; उणे ६० चांगली, उणे ९० कमजोर. पोचणाऱ्या ताकदीत ६ डीबी जास्त म्हणजे मोकळ्या हवेत दुप्पट अंतराची ऐपत. एक्सप्रेसएलआरएस या प्रणालीचा २.४ चा सेट २५० हर्ट्झवर (सेकंदाला २५० पाकिटं) साधारण उणे १०८ पर्यंत ऐकू शकतो. उडताना सगळ्यात वाईट आकडा उणे ९० दिसला, तर हातात १८ डीबी शिल्लक, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट, आठ पट. या सेटवर तपासताना शक्ती आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करून सगळ्यात खालच्या शक्तीवर कायम ठेवावी लागते, नाहीतर तुम्ही लांब जाल तसा ट्रान्समीटर गुपचूप जोर वाढवत राहील आणि तपासणी फुकट जाईल. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा मॉड्यूल घेणार असाल तर भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ एवढाच आहे, मॉड्यूल त्यावर लावता येतो का ते घेतानाच विचारा.

"सिग्नल गेला" म्हणून पडलेल्या विमानांपैकी काहींचा सिग्नल गेलेलाच नसतो. रिसीव्हरची वीज गेलेली असते. चार सर्वो एकदम जोरात फिरले की बीईसीवर (रिसीव्हर-सर्वोंना वीज देणाऱ्या भागावर) ताण येतो, व्होल्टेज क्षणभर खाली जातं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात विमान जमिनीत. म्हणून तीस मीटरवर उभं राहून दोन्ही स्टिक एकदम कोपऱ्यांत फिरवायच्या, मोटर चालू ठेवून. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला तर अँटेना हलवून काही होणार नाही. बीईसी मोठा घ्या किंवा जाम झालेला सर्वो शोधा.

यानंतर फेलसेफ. थ्रॉटल थोडं उघडायचं, सोबत्याचा हात पक्का आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबलीच पाहिजे. काही रिसीव्हर मुळात शेवटचा हुकूम धरून ठेवतात, म्हणजे सिग्नल गेला तेव्हा मोटर पूर्ण जोरात असेल तर ती तशीच चालत राहते आणि विमान देगावच्या दिशेने का तुळजापूरच्या, ते वारा ठरवतो. फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्यावर लावून घ्या आणि पुन्हा बाइंड केल्यावर दर वेळी परत बघा, कारण बाइंड करताना ही नोंद काही सेटमध्ये नव्याने लिहिली जाते.

इतकं सगळं दर उड्डाणाला करायची गरज नाही. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी दगडापर्यंतची फेरी आणि फेलसेफ, दहा मिनिटांत उरकतं. विमान आपटलं, रिसीव्हर हलवला, नवा कॅमेरा किंवा व्हिडिओ ट्रान्समीटर बसवला, तर मात्र "अडकलं" ऐकू येईपर्यंतची पूर्ण चाल.

आणि खुर्चीवरून विमान उचलण्याआधी ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर रेंज मोड बंद झाल्याचं बघून घ्या. काही सेटमध्ये बटण सोडलं की तो आपोआप जातो, काहींत ठरावीक वेळाने, काहींत मेनूतून बाहेर पडेपर्यंत शक्ती घटलेलीच राहते.